भिंतीतले पांढरे दाणे

सोमवार, ११ नोव्हेंबर १९८५

डॉक्टरांनी आज पुन्हा छातीला तपासायची नळी लावली आणि पुन्हा तेच पुराण लावलं. म्हणाले, मिसेस टायसन, त्या ओल्या घरात आणखी एक हिवाळा काढलात तर पुढचं मी काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, सांगू नकाच, मी भिंती भरून घेतेय. तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

तर ठरलं. पुढच्या सोमवारी माणसं येणार. बाहेरच्या भिंती दुहेरी, दोन्हींच्या मध्ये चार बोटं पोकळी. बाहेरून भोकं पाडून त्या पोकळीत थर्माकोलचे दाणे फुंकायचे की झालं, घराला आतून अस्तर लागलं. इथे मेरीपोर्टात समुद्रावरून येणारा वारा विटांना जुमानत नाही. माझं अख्खं आयुष्य गेलं फटी बुजवण्यात. दारांखाली वाळूचे लोड, खिडक्यांना पट्ट्या, किल्लीच्या भोकात कापूस. माझा नवरा वॉल्टर होता तेव्हा म्हणायचा, ही बाई एक दिवस माझ्या नाकपुड्याही बुजवेल. शाळेच्या मुदपाकखान्यात सगळा जन्म वाफेत गेला, आता म्हातारपणी थोडी ऊब मागितली तर काय बिघडलं?

थेल्माशी बोलणं बंद आहे. थेल्मा बर्केट म्हणजे माझी शेजारीण. आमचं जोडघर, एका छपराखाली अर्धं माझं, अर्धं तिचं. मागच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला तेव्हा हिनेच सूप भरवलं, अंग पुसलं, रात्री उशाशी बसली, हे मी नाकारत नाही. पण काल चॅपलमध्ये चहाच्या वेळी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "विनी घरात सारण भरून घेतेय, नाताळच्या हंसासारखं. आता फक्त भट्टीत सरकवायचं बाकी." सगळ्या खिदळल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर म्हणे, भिंतीलाही श्वास लागतो. हिला काय जातंय बोलायला, हिची छाती घोड्यासारखी आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

भिंतीवाले आले. मुकादमाचं नाव डॉकरे. दाढीचे खुंट, तोंडात पेपरमिंट, माणूस बरा वाटला. घराभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, पोकळी दोन्ही घरांभोवती सलग आहे. हे दाणे सुटे असतात, पाण्यासारखे वाहतात. मधल्या सांध्यावर छपरापासून खालपर्यंत ब्रशासारखा आडोसा उतरवला नाही तर ते शेजारच्या बाजूला जाणार. त्यासाठी शिडी थेल्माच्या गुलाबाच्या वाफ्यात उभी करावी लागेल. शिवाय तिची बैठकीतली, खोली तापवायची गॅसची शेगडी बघायला हवी, तिच्या हवेची जाळी याच भिंतीत असेल तर आधी जाळीला नळी बसवायची, म्हणजे ती बुजणार नाही.

"शेगडीलाही श्वास लागतो, बाई, हवा तुटली तर नीट जळत नाही," तो म्हणाला. "जरा विचारून येता का त्यांना?"

म्हणजे मी जायचं. चॅपलातल्या त्या हशानंतर मीच तिच्या दारात उभं राहून, थेल्मा, तुझ्या वाफ्यात शिडी ठेवू का गं, असं विचारायचं. आमच्याकडे न विचारता दुसऱ्याच्या वाफ्यात कोणी पाय ठेवत नाही, आणि अबोला असताना कोणी विचारायलाही जात नाही. तरी फाटकापर्यंत गेले. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत होती. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत बटाट्यात घातली. नुसती हसली असती तरी मी आत गेले असते. मग मी कुंपणाआड वाकून बुटाची नाडी सोडली, बांधली, आणि परत येऊन डॉकरेला सांगितलं की ती नको म्हणते, त्या भिंतीत तिचं काही नाही, शेगडी विजेची आहे.

हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठेच सांगणार नाही. तिची शेगडी गॅसची आहे. तिच्यासमोर मी किती संध्याकाळी पाय शेकत बसलेय. पण या कारागिरांना प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची खोडच असते. डॉकरेने आभाळाकडे पाहिलं, पाऊस येतच होता, आणि माणसांना म्हणाला, चला, आटपा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

काय सांगू, सकाळी उठले तर नाक गार नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगात स्वेटर चढवायच्या आधी चहा केला.

फक्त एक चमत्कारिक झालंय. समुद्र बंद झाला. या घरात आल्यापासून तो कानात होता, काल दुपारपासून नाही. खिडकीतून लाटा फुटताना दिसतात आणि आवाज नाही. उलट मधल्या भिंतीतून थेल्मा आता फार स्पष्ट ऐकू येते. तिचा चमचा, तिचा खोकला, तिचं मांजराशी बोलणं, सगळं माझ्याच खोलीत चालल्यासारखं.

डॉकरे जाताना डोकं खाजवत होता. हिशेबापेक्षा कितीतरी जास्त पोती गेली म्हणे. "तुमची भिंत खादाड निघाली," म्हणाला. मी म्हटलं, जुनी घरं, मावतात.

बुधवार, २७ नोव्हेंबर

वारा सुटला की भिंतीत आवाज येतो. कोणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात तांदूळ ओतत असावं तसा. थोडा वेळ येतो, थांबतो, परत येतो. आज दुपारी कान लावून भिंतीच्या कडेकडेने चालत गेले. आवाज माझ्या बाजूने सुरू होतो आणि तिच्या बाजूला जातो. उलटा कधी येत नाही.

त्यातच दार वाजलं. दारात थेल्मा, हातात आल्याचा केक. म्हणाली, तोंड फुगवून बसायचं आपलं वय राहिलं नाही, विनी. मी म्हटलं, मी कुठे फुगवलंय. मग दोघी हसलो आणि किटली ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी केकमधल्या आल्याच्या तिखटपणावर ढकललं.

ती फार खुशीत होती. तिचंही घर ऊबदार झालंय म्हणे. शेगडीच्या बाजूला जमिनीलगत जी जाळी आहे, जिच्यातून इतकी वर्षं गार वारा येऊन तिचे घोटे धरायचा, तो वारा एकाएकी बंद झाला. सुंठेवाचून खोकला गेला. "तुझी ऊब माझ्याकडे गळतेय गं," म्हणाली. मग म्हणाली, शेगडीपाशी रोज बारीक पांढरे दाणे सापडतात, झाडले की परत येतात, काय असतील? मी म्हटलं, जुना गिलावा सुटत असेल. ती म्हणाली, असेल.

केक नेहमीसारखाच छान होता, पण मला गिळवत नव्हता.

शुक्रवार, ६ डिसेंबर

थेल्माचं डोकं दुखतं. सकाळी उठल्यापासून जड, संध्याकाळी शेगडीपुढे बसली की जास्त. काल तिने बटाटे-मटणाचा टॅटी पॉट करायला घेतला आणि मटण घालायचंच विसरली. गाल मात्र इतके गुलाबी की चॅपलात लोकांनी विचारलं, काय लावतेस? चॅपलात गेली की डोकं दुखायचं थांबतं, हे तिनेच सांगितलं. मी म्हटलं, देवाची कृपा.

टिबी, तिची मांजर, माझ्याकडे राहायला आलीय. थेल्मा तिला उचलून घरी नेते. ही उंबऱ्यावर पाठीची कमान करते, आत पाऊल टाकत नाही, फिस्कारते आणि कुंपणावरून उडी मारून परत माझ्या खिडकीत. तेरा चौदा वर्षं त्या शेगडीपुढून जी हलली नाही ती. थेल्माला वाईट वाटलं. मला जरा भीतीच वाटली.

मंगळवार, १० डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

गेले चार दिवस मधल्या भिंतीतून थेल्माचं बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं मांजर परत गेली. पण मांजर तर माझ्या मांडीवर. आज दुपारी न राहवून गेले. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, शेगडी चालू. पूर्वी तिची ज्योत निळी असायची, आता पिवळी झालीय, दिसायला झकास. छोट्या मेजावर तीन कप मांडले होते.

मी विचारलं, कोण येणार आहे? थेल्मा शांतपणे म्हणाली, "रूबी आहे ना."

रूबी तिची धाकटी बहीण. तिच्या दफनाला मी स्वतः सँडविचं केली होती, त्यालाही आता जमाना झाला. थेल्मा म्हणाली, ती रोज चारच्या सुमाराला येते, समोरच्या खुर्चीत बसते, फारसं बोलत नाही. आधी दचकले, आता बरं वाटतं. "तू बस ना विनी. घाई करू नकोस, तुलाही दिसेल."

मी बसले. चहा प्यायले. थेल्मा जुन्या गोष्टी सांगत होती आणि मध्येच रिकाम्या खुर्चीकडे बघून हो ना गं म्हणत होती. मी मनात म्हटलं, बिचारीचं डोकं फिरलं. आणि मग, हे मी शपथेवर लिहिते, माझ्या पाठीमागे कोणीतरी श्वास घेतला. लांब, दमलेला. मागे वळले तर कोणी नाही, पण खुर्चीची गादी खाली दबलेली होती. मला मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. काहीतरी बडबडून मी उठले, कुंपणाला धरून गार हवेत उभी राहिले. थोड्या वेळाने डोकं स्वच्छ झालं.

म्हणजे थेल्माचं डोकं फिरलेलं नाही. त्या घरात खरंच काहीतरी आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मला एक विचार सुचलाय आणि तो पाठ सोडत नाही.

पोकळी रिकामी होती असं आपण म्हणतो. पण साठ वर्षं त्या अंधाऱ्या चार बोटांत काय राहत होतं ते कोणी पाहिलंय? आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी जगलो, मध्ये ते राहिलं. मग मी माझ्या बाजूने भरून टाकलं आणि त्याला जागाच ठेवली नाही. ते जाणार कुठे? आडोसा नव्हता. ते तिच्याकडे गेलं.

लिहिल्यावर वेडगळ वाटतं. पण आवाज माझ्याकडून तिच्याकडेच जातो, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मांजरीलाही कळलंय. आणि हे माझ्यामुळे झालंय, एवढं तर मला पक्कं ठाऊक आहे. थेल्माला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू?

पाद्रीबुवांना विचारलं, घरात कोणी वावरत असेल तर काय करावं? म्हणाले, भरपूर विश्रांती घ्या आणि शेरीचे पेले कमी करा.

गुरुवार, १९ डिसेंबर

थेल्मा काल जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, पण किती वेळ पडून होती ते तिलाच माहीत नाही. मी कार्लाइल शहरात राहणाऱ्या तिच्या भाचीला, बेरिलला, फोन केला. ती आज आली तेव्हा दारातच तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, म्हणजे बहिणीचं. दाण्यांचं नाही. बेरिल हिशेबी बाई आहे, तिने ओठ आवळले. डॉक्टर येऊन गेले, रक्तदाब बरा, वयोमानाने होतं म्हणाले.

बेरिल तिला नाताळासाठी घेऊन गेली. गाडीच्या काचेतून थेल्माने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं की मी सांगितलं.

शनिवार, २८ डिसेंबर

थेल्माचा फोन आला. मी रिसीव्हर उचलला आणि मला ती जुनी थेल्मा ऐकू आली. डोकं दुखत नाही, पुडिंगचे दोन वाटे खाल्ले, बेरिलच्या नवऱ्याला पत्त्यांत हरवलं. रूबी तिथे येत नाही. "तिची आठवण येते गं," म्हणाली, "पण डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालंय. मला घरी यायचंय, विनी. ही मंडळी मला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकायचं बघतायत."

मग बेरिलने फोन घेतला. आश्रमात जागा आहे, जानेवारीत उत्तर द्यायचंय. घर विकता येईल. मात्र शेजारी कोणी बारीक लक्ष ठेवणारं असेल, तर ती थेल्माला एक संधी द्यायला तयार आहे. "तुमच्यावर आहे सगळं, मिसेस टायसन. तुम्ही सांगा."

इथे मात्र काय अवस्था आहे? समुद्र नाही, आणि आता पलीकडून चमचाही वाजत नाही. भरलेल्या भिंतींत मी एकटी बसलेय, कानात बोळे घातल्यासारखी. छाती झकास आहे. घरात ऊब आहे आणि बोलायला मांजर.

मी म्हटलं, पाठवा तिला. मी बघते.

सोमवार, ६ जानेवारी १९८६

थेल्मा शनिवारी येणार. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून घर झाडायला गेले. आधी दारं खिडक्या सताड उघडल्या, प्रार्थना म्हटली आणि मग आत पाय टाकला. काही नाही. खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची. शेगडी थंड. दुपारभर काम केलं, एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

मग शेगडीच्या बाजूला वाकले आणि जाळी दिसली. बाई गं. आतून गच्च, दाण्यांनी ठासून भरलेली, आणि खाली फरशीवर पांढरा ढीग. बोट लावलं तर आणखी ओघळले. शेगडीच्या वर भिंतीला तपकिरी डाग धरलाय, तो मी व्हिनेगरने पुसून काढला.

आता मला घाम फुटला. हे माझे दाणे आहेत. आंधळ्यालाही कळेल. बेरिल शनिवारी येणार, तिची नजर ससाण्याची. ती विचारणार, हे कुठून आलं, मग डॉकरेला फोन, मग डॉकरे सांगणार की बाईंनीच विचारून येऊन सांगितलं. थेल्मा परत माझं तोंड बघणार नाही. ज्या बाईने माझं अंग पुसलं तिच्या दारापर्यंत जाऊन मी नाडी बांधत बसले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

ढीग सुपलीत भरला, घरी आणून कचऱ्यात टाकला. मग जाळीवर जाड कागद लावला, चारी बाजूंनी चिकटपट्टी, त्यावर भिंतीच्या रंगाचा हात. बघणाऱ्याला कळणारही नाही. आता दाणा येणार नाही की वाऱ्याचा कणही येणार नाही. एका दगडात दोन पक्षी. खिडक्यांच्या फटींनाही माझ्याकडची उरलेली पट्टी लावून टाकली. निदान तिला उबदार घर तरी मिळेल.

शनिवार, ११ जानेवारी

आली. गाडीतून उतरली ती तरातरा चालत, बेरिलचा हात झटकून. बेरिलने घरभर हिंडून पाहिलं, शेगडीपाशीही वाकली, पण तिला काही दिसलं नाही. बाहेर बर्फाचा भुरभुराट सुरू होता म्हणून ती लवकर निघाली. जाताना म्हणाली, आत्या पुन्हा तसलं काही बोलली तर लपवू नका, मला लगेच कळवा, मी त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन.

थेल्माने स्वतः शेगडी पेटवली. पिवळ्या ज्योतीकडे बघत म्हणाली, "घरचं ते घरचं." मग म्हणाली, "माझ्यासाठी तू शब्द टाकलास, बेरिलने सांगितलं. मी तुला वाईटसाईट समजत होते." मला रडूच आलं. तीही रडली. मी तिला रम बटर लावून बिस्किटं दिली आणि अंधार पडायच्या आत घरी आले. टिबी काही केल्या माझ्याबरोबर तिकडे आली नव्हती.

सोमवार, १३ जानेवारी

रूबी परत आलीय.

भिंतीतून ऐकू येतं. काल दुपारपासून सुरू झालं. आधी थेल्मा एकटी बोलत होती, आज मला वाटलं उत्तरही येतंय, हळू, समजत नाही असं. सकाळी दार उघडलं तेव्हा थेल्माला माझं नाव आठवायला वेळ लागला. मळमळतंय म्हणाली. गाल टवटवीत.

बेरिलचा फोन आला. मी सांगितलं, सगळं छान आहे. खोटं बोलायची मला सवय होत चाललीय. पण खरं सांगितलं तर उद्या ती तिला आश्रमात नेऊन घालेल आणि तिथे थेल्मा सहा महिने टिकणार नाही, हे मी लिहून देते. तिने मला मरू दिलं नाही. मी तिला असं जाऊ देणार नाही.

उद्या दुपारपासून तिच्याकडेच राहायला जाते. जे काही आहे ते येऊ दे माझ्यासमोर. दोघी असलो तर काय करील?

मंगळवार, १४ जानेवारी, थेल्माकडे

वही बरोबर आणलीय. बाहेर चारलाच काळोख झाला आणि बर्फ पडतंय. आत इतकी ऊब आहे की मी स्वेटर काढून ठेवला. कुठूनही वाऱ्याची फट नाही, मी हात फिरवून पाहिलं. काम चोख केलंय हे मीच म्हणते.

दोघींनी सूप घेतलं. थेल्मा म्हणाली, बस गं जवळ, आणि आम्ही शाळेच्या सहलींच्या गोष्टी काढल्या. हसून हसून पुरेवाट. माझं डोकं किंचित दुखतंय. सूप बहुधा खारट झालं.

टिबी खिडकीबाहेर आलीय. मागच्या पायांवर उभी राहून काच ओरबाडतेय, तोंड उघडतेय मिटतेय. आवाज अजिबात येत नाही. उठून हाकलणार होते, मग राहिलं.

थेल्माला झोप लागली. तिच्या हातातून कप निसटला, चहा मांडीवर सांडला तरी जागी झाली नाही, इतकी गाढ. बरं वाटतं बघून. गुलाबी झालीय अगदी, तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा इतकी छान दिसत नव्हती.

रूबी आलीय. मला वाटलं होतं मी घाबरेन. निळा झगा, केस ओले. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि सरळ शेगडीच्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसली. जाळीवरचा कागद ती नखाने सोडवतेय. नखं घसरतायत. सारखी वळून माझ्याकडे बघते, मग थेल्माकडे, मग परत कागदाकडे. बोलत नाही.

म्हणजे हिला ठाऊक आहे. माझी लबाडी उघडी पाडायला आलीय.

मी म्हटलं, रूबी, थांब गं. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मीच सांगते. तुझ्या बहिणीच्या दारात जायला मला लाज वाटली आणि मी खोटं बोलले, दाणे माझे आहेत, कागद मीच लावला. उद्या डॉकरेला बोलावते, वाफा तुडवला तर तुडवू दे. मैत्रीण तुटली तर तुटू दे. किती सोपं वाटतं आता हे. तेव्हा का नाही वाटलं?

ती ऐकत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. कागद खरवडतेच आहे. मला उठून तिला मदत करावीशी वाटते, पण पाय कुठे ठेवलेत ते सापडत नाहीत आणि पेनही हातातून जातंय.

थेल्मा जागी झाली की सगळ्यात आधी हेच सांगणार आहे. तोवर तिला झोपू देते.